बाबा, मी आणि चार भिंगं

उजवा खांदा धरलाय त्याला आता दीड वर्ष झालं. एकदा कॅमेऱ्याची बॅग सामानाच्या काट्याला टांगून बघितली. बॉडी, २४-७० आणि ७०-२०० ची भिंगं, अगदी जवळून फोटो काढायची १०५ ची मॅक्रो, फिल्टरची डबी आणि ट्रायपॉड, सगळं मिळून साडेसात किलो. डॉक्टर म्हणाले, ओझं कमी करा नाहीतर खांदा कायमचा जाईल. तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात होता. फोटोवर जीव असलेल्या माणसाचं फोनवर भागेल का? दुकानात काउंटरपाशी उभं राहून, समोरच्या पंख्याचे चार फोटो काढून याचं उत्तर मिळत नाही.

माझ्या आत्येभावाकडे शाओमी १४ अल्ट्रा आहे. मार्च २०२४ मध्ये हा फोन भारतात आला तेव्हा किंमत होती ९९,९९९ रुपये. पाठीवर तबकडीएवढा गोल, त्यात चार कॅमेरे, चारही ५० मेगापिक्सेलचे, वर लायका या जर्मन कॅमेरा कंपनीचं नाव. फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मएवढा सेन्सर असलेल्या कॅमेऱ्याच्या हिशेबात सांगायचं तर १२, २३, ७५ आणि १२० मिलिमीटर. आकडा लहान तेवढं दृश्य रुंद, मोठा तेवढं लांबचं जवळ. "आठवडाभर घेऊन जा ताई, माझं दुसऱ्या फोनवर भागेल," म्हणाला. सोबत कॅमेऱ्यासारखी मूठ असलेली ग्रिपही दिली.

बाबांना बरोबर घेतलं. कराडला त्यांनी एकतीस वर्षं फोटो स्टुडिओ चालवला. डार्करूममध्ये लाल दिव्याखाली हायपो या रसायनाच्या वासात माझं बालपण गेलं. फोटो चांगला की वाईट हे मला आजही त्यांच्या भुवयांवरून कळतं. शिवाय महिन्याभरापूर्वी त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं व्हायचंय. त्याचा या प्रवासात इतका उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पहिला दिवस, मंगळवार: पुणे ते वाई

सकाळी साडेसातला निघालो. खंबाटकीत पावसाची एक जोरदार सर आली, सुरूर फाट्याला ऊन. सप्टेंबरचा शेवटचा आठवडा असाच असतो.

चहाच्या टपरीवर बाबांनी फोन हातात घेऊन उलटा-सुलटा केला. "एक इंचाचा सेन्सर म्हणतात ना? कुठंय इंच?" त्यांचा प्रश्न रास्त होता. मुख्य, म्हणजे २३ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचा कर्ण इंचभर नाही, सुमारे १६ मिलिमीटर आहे. टीव्ही कॅमेऱ्यांत पूर्वी काचेच्या नळ्या असत. बाहेरून एक इंच जाडीच्या नळीत चित्र उमटायचं ते एवढ्याच आकाराचं. नळ्या गेल्या, मोजमापाची भाषा तेवढी राहिली. फुल फ्रेमचा कर्ण ४३ मिलिमीटर, म्हणजे हा सेन्सर त्याच्या निम्म्याहूनही लहान. तरीही फोनच्या जगात याहून मोठा क्वचितच सापडतो. बाकीच्या तीन कॅमेऱ्यांचे सेन्सर त्याच्यापुढे बरेच छोटे आहेत. जाहिरातीत चारही ५० मेगापिक्सेल म्हटल्यावर चौघे सारख्या ताकदीचे वाटतात, तसे ते नाहीत. हे मनात ठेवूनच फोन वापरायला हवा.

वाईत दुपारी ढोल्या गणपतीला गेलो. गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं हे देऊळ अगदी घाटाला लागून आहे. पुराचं पाणी दुभंगावं म्हणून गाभाऱ्याची मागची भिंत माशासारखी निमुळती केली आहे. ती भिंत मला १२ मिलिमीटरवर घ्यायची होती, कारण मागं सरकायला जागा नव्हती.

फोटो पाहून बाबा भुवया आक्रसून म्हणाले, "यातला बाक भिंतीचा कुठला आणि भिंगाचा कुठला?"

खरोखरच सांगता येत नव्हतं. इतक्या रुंद भिंगात कडेची वस्तू ताणली जातेच. डोंगर, आभाळ, गर्दी यांचं त्यानं काही बिघडत नाही, पण जिथे मूळ आकारच बाकदार आहे तिथे पाहणारा फसतो. मग मी घाटाच्या पायऱ्या उतरून खाली गेले, जवळजवळ पाण्यापर्यंत. तिथून २३ मिलिमीटरवर तीच भिंत घेतली. आता बाक दिसत होता तो गवंड्यानं दिलेला. बॅगेशिवाय त्या ओल्या पायऱ्या उतरताना खांद्यानं एकदाही आठवण करून दिली नाही, हेही नोंदवून ठेवते.

संध्याकाळी घाटावर दिवे लागल्यावर मुख्य कॅमेऱ्यानं हातात धरून काढलेले फोटो स्वच्छ आले. त्यावर जास्त लिहीत नाही. आज महागडे फोन हे काम करतातच.

दुसरा दिवस, बुधवार: मेणवली

वाईपासून तीन किलोमीटरवर मेणवली. सकाळी आठला नाना फडणवीसांच्या वाड्यात आमच्याशिवाय कुणी नव्हतं. माडीवरच्या सज्जात एका छोट्या खिडकीतून उन्हाची तिरीप येऊन लाकडी खांबाच्या तळाशी पडली होती. बाकी सगळा अंधार. त्या अंधारामुळेच ती तिरीप दिसत होती.

मी नेहमीच्या मोडवर फोटो काढला आणि बाबांपुढे धरला. ते बराच वेळ बघत राहिले.

"इथला अंधार कुठं गेला गं?"

फोटोत खिडकीबाहेरची हिरवी झाडं दिसत होती, खांबाच्या शिरा दिसत होत्या, कोपऱ्यात टेकवलेला केरसुणीचा दांडासुद्धा स्पष्ट होता. सगळं होतं, फक्त आम्ही उभे होतो ती खोली त्यात नव्हती. फोन एका दाबात कमी-जास्त उजेडाच्या अनेक फ्रेम घेतो आणि त्या एकमेकांत मिसळून सावली वर उचलतो, उजेड खाली ओढतो. सगळेच फोन हे करतात आणि बहुतेकांना तेच हवं असतं. लग्नात, वाढदिवसाला मलाही हवं असतं. मेणवलीच्या सज्जात मात्र नको होतं.

प्रो मोड उघडला, जिथे सगळं आपण हातानं ठरवतो. आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, १००, एक्स्पोजर तिरिपीवर मोजून, फोन कठड्याला टेकवून एक पंधरांश सेकंद. फाइल रॉ, म्हणजे फोननं संस्कार न केलेली कच्ची. या वेळी खोली फोटोत आली. लायकाच्या दोन रंगछटा यात मिळतात, ऑथेंटिक आणि व्हायब्रंट. पहिलीत कडा जरा गडद राहतात, सावलीला सावली म्हणून जगू देतात. पुढचे सगळे दिवस मी तीच ठेवली. फोन घेतल्या घेतल्या हा एक बदल केला तरी निम्मं काम होतं असं माझं मत आहे.

खाली अंगणात झाडलोट करणाऱ्या आजींना विचारून त्यांचा फोटो घेतला, ७५ मिलिमीटरवर, पोर्ट्रेट मोडमध्ये. चेहऱ्यासाठी हे अंतर फार छान. नाक मोठं होत नाही, कान मागं जात नाहीत. आजी खूश झाल्या. बाबांनी मात्र चित्र दोन बोटांनी मोठं केलं आणि एकदम स्टुडिओतल्या आवाजात म्हणाले, "टचिंग कुणी केलं?"

चेहरा सुंदर करण्याची सोय थोडीशी चालू राहिली होती. भावानं ती तशीच ठेवली असणार, मी बघायची विसरले होते. बाबांनी मग तिथेच पायरीवर बसून मला टचिंग सांगितलं, जणू मी पहिल्यांदाच ऐकत होते. डेस्कवर निगेटिव्ह ठेवायची, खालून आरशानं उजेड घ्यायचा, वर मीडियमचा हात फिरवायचा, म्हणजे शिसं धरतं. मग टोकदार पेन्सिलीनं सुरकुतीच्या रेषेवर ठिपके भरायचे. निगेटिव्हवर काळं झालं की प्रिंटवर उजळतं. "पण गिऱ्हाइकाला विचारून करायचो. आणि म्हाताऱ्या माणसाच्या कपाळावरच्या आठ्या मी कधी पुसल्या नाहीत. त्या पुसल्या की घरचे म्हणायचे, हे आमचे आबा नव्हेत."

सोय बंद केली. आजींना पुन्हा दोन मिनिटं बसवलं. या वेळी आठ्या आल्या, हनुवटीवरचं गोंदणही नीट उमटलं. आधीच्या फोटोत ते फिकट निळसर डागासारखं दिसत होतं.

नंतर घाटावर मोठी घंटा पाहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर पोर्तुगीजांच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या, त्यांतली ही एक. तिच्यावर १७०७ हे साल कोरलेलं आहे. १२० मिलिमीटरवर तो आकडा कठड्याबाहेरूनच स्वच्छ टिपता आला. घंटेजवळ जावं लागलं नाही. पलीकडच्या काठावर एक खंड्या बसला होता. त्याला दहापट झूमवर घेतलं. पडद्यावर तो देखणा दिसला. याचं पुढं काय झालं ते पाचव्या दिवशी सांगते.

तिसरा दिवस, गुरुवार: कास

रात्री साताऱ्यात मुक्काम केला होता. कासचं बुकिंग आधीच करून ठेवलं होतं, मुद्दाम मधल्या वारी. शनिवार-रविवारी तिथं फुलांपेक्षा माणसं जास्त असतात.

सातारा ते कास सुमारे २५ किलोमीटर. वर पोचलो तेव्हा पठारावर ढग उतरले होते आणि मध्येच फाटून ऊन पडत होतं. पश्चिम घाटाला २०१२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यात कास आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. पण इथली माती केवढीशी असते हे पायाखाली बघितल्याशिवाय कळत नाही. काळ्या जांभ्यावर बोटभर थर, कुठे तेवढाही नाही. त्या थरावर हे सगळं उगवतं. एक पाऊल चुकीचं पडलं तर तिथं पुढच्या वर्षी काय येईल सांगता येत नाही. गावातली एक गाइड ताई बरोबर होती. तिनं पहिलंच वाक्य सांगितलं, "वाट सोडायची नाही, आणि गुडघा टेकायच्या आधी खाली बघायचं."

माझ्या १०५ मॅक्रोची इथली अडचण नेमकी हीच असायची. फूल पूर्ण आकारात घ्यायचं तर पोटावर आडवं व्हावं लागतं आणि आडवं व्हायला वाटेवर जागा नसते. किती वेळा चांगलं फूल दिसूनही मी फोटो न काढता पुढं गेले आहे.

या फोनचं ७५ मिलिमीटरचं भिंग अवघ्या १० सेंटिमीटरवरच्या वस्तूवर फोकस करतं. उजेड आत घेणारं त्याचं छिद्र एफ १.८ एवढं मोठं आहे; एफचा आकडा लहान तेवढं छिद्र मोठं. वाटेवर उकिडवं बसायचं, हात पुढं करायचा, फोन फुलाच्या पातळीवर न्यायचा, पडदा वरून बघायचा. मातीला फक्त माझ्या चपला लागत होत्या, त्याही वाटेवर. सगळ्या सहलीत मला सर्वात मोलाची वाटली ती ही गोष्ट.

सीतेची आसवं चादरीसारखी पसरली होती. निळं-जांभळं, जेमतेम सेंटिमीटरभर फूल, आणि खाली मातीत पाण्यातले जीव पकडणाऱ्या बारीक पिशव्या. त्यांत तेरड्याचा गुलाबी, सोनकीचा पिवळा, गेंदाचे पांढरे गोंडे आणि ज्याला सगळे मिकी माउस म्हणतात तो कवला, पिवळ्या पाकळीवर दोन लाल ठिपके घेऊन.

पहिला घोळ रंगाचा झाला. आसवांचा जांभळा रंग पडद्यावर चक्क निळा आला. बाबांनी आधी फुलाकडं उजव्या डोळ्यानं बघितलं, मग डाव्यानं, मग तेच पडद्याकडं बघताना केलं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला सगळं निळसर, लख्ख दिसतं. मोतीबिंदूच्या डोळ्याला पिवळट, चहातून बघितल्यासारखं. "उजव्याला फूल जांभळं दिसतंय आणि फोनमधलं निळं. डाव्याला दोन्ही करडी. म्हणजे चूक फोनची आहे, माझ्या डोळ्याची नाही."

ही अडचण या एका फोनची नव्हे, डिजिटल कॅमेऱ्यांना जांभळा जडच जातो. आणि फिल्मची तऱ्हा याच्या उलट असायची. बाबांना आठवलं की काही निळी फुलं रोलवर गुलाबी यायची आणि गिऱ्हाईक लॅबवाल्याशी भांडायचं. ती फुलं निळ्याबरोबर डोळ्याला न दिसणारा गडद लाल उजेडही भरपूर परावर्तित करतात आणि फिल्म तो पकडायची. उपाय साधा होता. गेंदाच्या पांढऱ्या गोंड्यावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल, हातानं बसवला, रॉ मध्ये काढलं आणि रात्री निळा थोडा जांभळ्याकडं ढकलला. उजव्या डोळ्याची मंजुरी मिळाली.

मग ताईनं दवबिंदू दाखवला. ड्रॉसेरा. बोटभर उंचीचं तांबूस रोप, पानांवर केस आणि प्रत्येक केसाच्या टोकाला डिंकाचा थेंब. एका थेंबाला मुंगीच्या निम्म्याएवढी माशी चिकटली होती आणि तिचे पाय अजून हलत होते. ढग सरकला, मागून ऊन आलं आणि सगळे थेंब एकदम पेटले.

वारा होता. आपोआप मोडमध्ये शटर हळू राहून पहिले तीन फोटो हलले. प्रो मोडमध्ये शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर बांधलं, श्वास रोखला आणि हात मागं-पुढं डोलवत वीसेक फोटो घेतले. इतक्या जवळून फोकसचा पट्टा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, त्यामुळे तिथं थेंब सापडणं नशिबाचं काम. दोन फोटोंत माशी आणि तिचा थेंब दोन्ही धारदार आले.

मुख्य कॅमेऱ्याचं छिद्र एफ १.६३ पासून ४ पर्यंत बदलता येतं. जाहिरातीत वाचलं तेव्हा मला ते शोभेचं वाटलं होतं. कवल्याचा झुबका जवळून घेताना त्याचं काम कळलं. १.६३ वर मधलं फूल धारदार आणि कडेची फुलं विरघळलेली, ४ वर सगळा झुबका नीट. या भिंगाला कमाल उघडं ठेवून जवळच्या सपाट वस्तू घेऊ नयेत. कागद, शिलालेख, फुलांची चादर यांना एफ ४ च.

आणखी एक सवय लावून घेतली. पडद्यावर ३.२ एक्स, म्हणजे ३.२ पट झूम, लिहिलं म्हणजे ७५ चं भिंगच लागलं असेल असं धरून चालत नाही. उजेड कमी असला किंवा वस्तू फार जवळ असली की बरेच फोन गुपचूप दुसऱ्या कॅमेऱ्यावर जातात आणि त्यातलाच तुकडा कापून देतात. म्हणून दर पाच-सहा फोटोंनी फोटोची माहिती उघडून फोकल लेंग्थ, म्हणजे भिंगाचा मिलिमीटरचा आकडा, बघायची. प्रो मोडमध्ये निवडलेलं भिंग बदलत नाही, तोही त्याचा एक फायदा.

टोपली कारवीची झुडपं बाबांनी हातातल्या काठीनं लांबूनच दाखवली. ती सात वर्षांनी फुलते.

चौथा दिवस, शुक्रवार: सज्जनगड, ठोसेघर

सज्जनगडावर समर्थांच्या समाधीचं दर्शन घेतलं, प्रसाद घेतला, उरमोडीचं पाणी पाहिलं. धुकं होतं म्हणून फोटो फारसे नाहीत.

ठोसेघरला धबधबा दरीपलीकडं दिसतो. ग्रिपबरोबर एक कडं मिळतं, त्यावर ६७ मिलिमीटरचा फिल्टर बसतो. माझ्या ७०-२०० एफ ४ चं तोंडही ६७ चंच आहे, त्यामुळे घरातला एनडी ६४, म्हणजे उजेड ६४ पट कमी करणारा फिल्टर, तसाच फिरवून बसवला. तो एकदम चारही भिंगांसमोर येतो. मला लहान मुलीसारखा आनंद झाला. ढगाळ उजेडात मुख्य कॅमेरा एफ ४ वर, आयएसओ ५०, शटर अर्धा सेकंद. पाण्याचा दुपट्टा झाला. १२० वर छिद्र २.५ च, ते लहान होत नाही. तिथं एक पंचमांश सेकंदावर थांबावं लागलं. पाण्याला तेवढं पुरलं, धार रेशमी झाली तरी तिचे पदर वेगळे राहिले. मला हाच फोटो जास्त आवडला.

पाऊस आला. बाबा छत्री धरून उभे राहिले, स्वतः अर्धे भिजत. फिल्टरवर आतून बाष्प धरलं, ते पुसायला तो काढावा लागला आणि तेवढ्यात ढगानं धबधबा गिळला. वीस मिनिटं थांबलो. चाळकेवाडीच्या पवनचक्क्यांकडं जायचं राहिलं.

ग्रिपबद्दल एवढंच सांगते. तिच्यात १५०० एमएएचची बॅटरी आहे, शटरचं बटण अर्धं दाबलं की फोकस होतो. ती बसवल्यावर मी पडद्यावर बोट मारणं विसरले आणि फोटो कमी हलले. २२० ग्रॅमच्या आसपासचा फोन नुसता दोन बोटांत धरून १२० मिलिमीटरवर स्थिर राहत नाही.

पाचवा दिवस, शनिवार: सातारा, आणि परत

बाबांची अट पहिल्यापासून होती, निकाल कागदावर लागेल. साताऱ्यातल्या लॅबमध्ये सहा फोटो १२ बाय १८ वर मॅट कागदावर काढायला दिले. नेहमीच्या १२ मेगापिक्सेलच्या फोटोची लांबी ४,०९६ पिक्सेल. १८ इंचांत विभागलं की इंचाला २२७ पडतात. भिंतीवर लावायला तेवढे पुरतात, पण बाबा बारकाईनं तपासायचं हातातलं भिंग घेऊन आले होते.

खंड्या पहिल्या फटक्यात बाद झाला. दहापट झूममध्ये १२० च्या पुढचं सगळं फोनचा अंदाज असतो. पंखांवर पिसं नव्हती, पिसांसारखे ब्रशचे फटकारे होते, आणि चोचीभोवती पांढरी रेघ. पडद्यावर हे कळलं नव्हतं. ज्यांचा जीव पक्ष्यांत आहे त्यांनी आपली लांब लेन्स विकू नये.

ठोसेघर पास. आजी पास, आणि त्या प्रिंटची दुसरी प्रत मेणवलीला पोचवायची असं गाडीत ठरलं.

दवबिंदूवर बाबा सगळ्यात जास्त थांबले. थेंब उत्तम, माशीचे पायसुद्धा मोजता येत होते. पण मागं विरलेल्या गवताच्या काड्यांना दुहेरी कडा आल्या होत्या, छोट्या भिंगातून येतात तशा. "तुझ्या मॅक्रोनं मागचं लोण्यासारखं झालं असतं," ते म्हणाले. मी म्हटलं, "मॅक्रोनं हा फोटो झालाच नसता बाबा. मला तिथं झोपता आलं नसतं." त्यांनी मान हलवली आणि प्रिंट बाजूला ठेवला, घ्यायच्या गठ्ठ्यात.

शेवटी सज्जाचे दोन्ही फोटो शेजारी ठेवले, आपोआप मोडचा आणि प्रो मोडचा. लॅबमधला मुलगा म्हणाला, "काका, हा डावा भारी आहे, सगळं दिसतंय." बाबांनी उजवा उचलला. काळ्या भागावर भिंग नेलं. तिथं अगदी तळाशी, दिसेल न दिसेल अशी, केरसुणी होती.

पुण्यात फोन भावाला परत केला. २४-७० आणि ७०-२०० विकायला काढल्या आहेत, एनडी फिल्टर ठेवलाय. बॉडी आणि १०५ राहतील, दोन्ही मिळून दीड किलोच्या आत. वापरलेला १४ अल्ट्रा ग्रिपसकट कुठे मिळतो का ते बघते आहे.

रात्री बाबांनी सज्जाचा प्रिंट पालथा घातला आणि स्टुडिओत निगेटिव्हच्या पाकिटांवर लिहायचे तशी मागं पेन्सिलीनं ओळ लिहिली: मेणवली, वरचा सज्जा, सकाळी ८.२०, टचिंग नाही.